आधार ई-साइन: गोव्यातल्या करारांना कितपत पुरतं?

नेमणूकपत्र, पुरवठादाराशी केलेला करार किंवा अकरा महिन्यांचा भाडेकरार यांवर सही घ्यायला म्हापशाहून काणकोणला कागद पाठवायची आता गरज नाही. या कामांसाठी आधार ई-साइन (आधार आणि ओटीपीच्या आधारे ऑनलाइन केलेली सही) उत्तम आहे आणि ती बिनधास्त वापरावी. पण गोव्यात घरा-जमिनीचा विषय निघाला की ती फार लवकर अपुरी पडते.

आधी वापर पाहू. पीडीएफ चढवायची, आधार क्रमांक द्यायचा, जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. त्याच क्षणी तुमच्या नावाचं जेमतेम तीस मिनिटांचं प्रमाणपत्र तयार होतं आणि सही उमटली की तिची खाजगी किल्ली (सही करायला लागणारा गुप्त आकडा) नष्ट होते. सांभाळायला यूएसबी टोकन नाही, पासवर्ड नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ५ मुळे ही सही हाताच्या सहीच्या बरोबरीची ठरते. स्क्रीनवर बोटाने काढलेली किंवा फोटो चिकटवलेली सही बेकायदा नाही, कलम १०ए मुळे करार तसाही होऊ शकतो. पण समोरचा उद्या "ही माझी सही नव्हेच" म्हणाला, तर ती त्याचीच आहे हे सिद्ध करताना तुमच्या नाकी नऊ येतील. पैशांच्या करारात अशी बोटाची किंवा फोटोची सही आम्ही सुचवणार नाही.

अडचणी कुठे येतात? पहिली नावाची. ई-साइनमध्ये आधारवरचं नाव जसंच्या तसं उमटतं. गोव्यात जुन्या दस्तात 'कामोतिम' आणि आधारवर 'कामत' अशी घरं पुष्कळ आहेत. करारातच "उर्फ" लिहून दोन्ही नावं द्या.

दुसरी अडचण फाइलची. सही झालेली पीडीएफ प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केली, दुसऱ्या पीडीएफला जोडली किंवा आकार कमी केला, की सही गेलीच. प्रिंट ही नुसती प्रत असते, मूळ दस्त म्हणजे ती फाइल. दोघांच्या सह्या असतील तर पहिल्याची सही झालेली तीच फाइल दुसऱ्याकडे जायला हवी. पहिल्याने सहीबरोबर फाइल 'बदल नको' अशी बंद केली असेल, तर दुसऱ्याला सही करताच येत नाही.

पीडीएफ उघडणाऱ्या ॲपमध्ये सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे सही खोटी, असं नव्हे. बहुतेक वेळा तुमच्या संगणकाला भारताच्या नियंत्रकाचं (डिजिटल प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी) मूळ प्रमाणपत्र ओळखीचं नसतं. सहीच्या तपशिलात जाऊन ते विश्वासू यादीत घाला आणि पुन्हा तपासा. लाल फुली असेल तर मात्र थांबा आणि फाइल बदलली गेली आहे का ते बघा.

स्टॅम्प ड्युटीचा या सगळ्याशी संबंध नाही. ती सहीच्या आधी किंवा सहीच्या वेळीच भरावी लागते. न भरलेला दस्त सही पक्की असूनही, ड्युटी आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात चालत नाही.

आता मर्यादा. मृत्युपत्र ई-साइनने होत नाही. मुखत्यारपत्रही होत नाही (रिझर्व्ह बँकेसारख्या नियामकांखालच्या संस्थांच्या नावे दिलेलं असेल तर २०२२ पासून चालतं). त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातून (कायदा लागू नसलेल्या दस्तांची यादी) स्थावर मालमत्तेच्या विक्रीच्या कराराची बाब वगळली, म्हणून ई-साइनने घर विकता येतं असा समज पसरला. विक्रीखताला नोंदणी कायदा १९०८ लागूच आहे, सब-रजिस्ट्रारकडे जावंच लागतं. शिवाय गोव्यात सामायिक मालमत्तेच्या पद्धतीत नवरा-बायको दोघांचीही संमती लागते. नवरा जहाजावर तारवटी असेल, तर बायकोने एकटीने काम उरकता येत नाही. त्याचं मुखत्यारपत्र कागदावरच, परदेशातून करायचं तर भारतीय वकिलातीत किंवा नोटरीपुढे साक्षांकित करून आणावं लागतं. साध्या करारासाठीही आधारला जोडलेलं सिम रोमिंगवर चालू नसेल तर ओटीपी पोहोचत नाही.

रोज पन्नास बिलांवर सह्या करणाऱ्याने किंवा ई-निविदा भरणाऱ्याने यूएसबी टोकनवालं क्लास ३ (डिजिटल सहीचं) प्रमाणपत्र घ्यावं. टोकन फॉरमॅट केलं तर किल्ली परत मिळत नाही, प्रमाणपत्र नव्याने विकत घ्यावं लागतं. वाद कोर्टात गेलाच, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा ठसा असलेला अक्षर-अंकांचा संच, फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो) द्यावं लागतं. म्हणून सही झाल्या दिवशीच एसएचए-२५६ हॅश काढून मूळ फाइलसोबत दोन जागी ठेवा.