त्वचेच्या लिम्फोमाचा बाह्यरुग्ण विभाग: एक अभिप्राय

वडिलांच्या कंबरेवरचे आणि मांड्यांवरचे खाजरे चट्टे कित्येक वर्षे इसब समजून अंगावर काढल्यानंतर आम्ही पुण्यातील एका रुग्णालयाच्या या विभागात गेलो. मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमांपैकी (टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगांपैकी) सर्वाधिक आढळणारा, बहुधा संथ वाढणारा प्रकार सुरुवातीला इसब किंवा सोरायसिससारखाच दिसतो. म्हणून येथील डॉक्टरांनी स्टेरॉइड मलम काही आठवडे बंद ठेवायला सांगून मगच एकाहून अधिक ठिकाणच्या बायोप्सी घेतल्या आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीबरोबर (पेशींवरील प्रथिने रंगवून त्यांचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीबरोबर) टी-पेशींची क्लोनॅलिटी चाचणीही, म्हणजे त्या एकाच मूळ पेशीपासून वाढल्या आहेत का याची तपासणीही, करवून घेतली. हा धीर मला सर्वांत मोलाचा वाटला. निदान झाल्यावर ‘केमोथेरपी लगेच का नाही?’ असे विचारताच, सुरुवातीलाच आक्रमक उपचार केल्याने आयुर्मान वाढत नसल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसले होते, हे त्यांनी कंटाळा न करता समजावले. सध्या आठवड्यातून तीनदा ३११ नॅनोमीटरची नॅरोबँड यूव्हीबी (अरुंद पट्ट्यातील अतिनील) किरणे दिली जातात आणि चट्टे फिकट होत आहेत. मात्र किरणोपचार केवळ सकाळीच मिळतो, त्यामुळे सोबत जाणाऱ्या नोकरदाराची रजा हमखास खर्ची पडते. शिवाय बिलाच्या खिडकीवरील उर्मटपणा अक्षम्य आहे.