आय७-१३७०० की १३७००एच? आकडा सारखा, काम वेगळं

लॅपटॉपवरच्या स्टिकरवर बहुधा नुसतं 'कोअर आय७' लिहिलेलं असतं आणि तिथेच घोळ होतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या १३व्या पिढीत डेस्कटॉपचा आय७-१३७०० आहे, लॅपटॉपचा आय७-१३७००एच आहे आणि सडपातळ लॅपटॉपमध्ये येणारा आय७-१३५५यूसुद्धा आहे. तिघेही 'आय७'च, पण तिघांची ताकद सारखी नाही.

आधी कागदावरचे आकडे बघू. १३७०० मध्ये ८ मोठे आणि ८ छोटे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), २४ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं), ३० एमबी कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी), कमाल वेग ५.२ गिगाहर्ट्झ. १३७००एच मध्ये ६ मोठे, ८ छोटे, २० थ्रेड, २४ एमबी कॅशे, कमाल वेग ५ गिगाहर्ट्झ. एका कोअरच्या वेगात जेमतेम चार टक्क्यांचा फरक. बेस वेग पाहिला तर लॅपटॉपचाच जास्त दिसतो: मोठ्या कोअरचा २.४ गिगाहर्ट्झ, डेस्कटॉपचा २.१. त्यावरून लॅपटॉप सरस ठरवू नका. बेस वेग हा किमान हमीचा आकडा आहे, रोजच्या कामात दोन्ही प्रोसेसर त्याच्या बरेच वर चालतात.

खरा फरक वॅटमध्ये आहे. १३७०० ची मूळ मर्यादा ६५ वॅट, टर्बोची (थोडा वेळ जादा वेगाची) २१९. १३७००एच ची ४५ आणि ११५. काम सुरू झालं की प्रोसेसर आधी टर्बोच्या मर्यादेपर्यंत वीज खेचतो. साधारण २८ ते ५६ सेकंदांनी ती मुभा संपते आणि तो दीर्घकाळच्या मर्यादेवर उतरतो. हे दोन्ही आकडे लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या कुलिंगनुसार बदलू शकते. त्यामुळे १३७००एच असलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तर एक ७० वॅटवर तासभर टिकतो आणि दुसरा ४५ च्याही खाली येतो. नुसतं प्रोसेसरचं नाव वाचून लॅपटॉप घेऊ नये, ते याचसाठी.

तपासायला अर्धा तास पुरतो. चार्जर लावा, विंडोजमध्ये पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा, लॅपटॉप टेबलावर ठेवा, गादीवर नको. वॅट आणि तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर 'सेन्सर्स ओन्ली' मध्ये उघडा आणि प्रोसेसरवर ताण देणाऱ्या सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची मल्टी-कोअर चाचणी लावा. 'सीपीयू पॅकेज पॉवर'चा आकडा पहिल्या मिनिटात आणि नवव्या मिनिटात लिहून ठेवा. पहिला ९५ आणि नववा ४५ असेल, तर व्हिडिओ एक्स्पोर्टसारख्या लांब कामात तुमच्या वाट्याला ४५ वॅटचा प्रोसेसर येणार. तापमान १०० अंशांना टेकून वॅट घसरत असतील तर कुलिंग अपुरं आहे. तापमान ८० च्या आसपास असूनही वॅट घसरले तर ती कंपनीने घातलेली मर्यादा. नवीन लॅपटॉपवर पहिल्या प्रकाराला पंख्याचा मोड बदलून थोडा फरक पडतो. जुन्यावर बहुतेक वेळा पंख्याच्या जाळीत धूळ अडकलेली असते किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कुलरकडे नेणारा लेप) कडेला सरकलेली असते. हवा मारून धूळ काढताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग बिघडतं. पेस्ट वारंवार सरकत असेल तर पीटीएम७९५० हा फेज-चेंज (तापल्यावर मऊ होणारा) पॅड जास्त टिकतो.

आय७-१३५५यू बद्दल स्पष्टच सांगायला हवं: नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मोठे कोअर फक्त २, छोटे ८, मूळ मर्यादा १५ वॅट. टॅली, एक्सेल, ब्राउझर, मराठी टायपिंग यांना तो भरपूर आहे आणि बॅटरीही चांगली पुरते. पण 'आय७' वाचून त्यावर ४के एडिटिंगची अपेक्षा ठेवू नका. त्या कामात आय५-१३५००एच त्याला सहज मागे टाकतो. एएमडीतही असाच सापळा आहे. रायझन ५ ७५२०यू मध्ये कोअर झेन २ या जुन्या रचनेचे, रायझन ७ ७७३०यू मध्ये झेन ३ चे, रायझन ७ ७८४०एचएस मध्ये झेन ४ चे. चार अंकांतला तिसरा अंक बघा: २, ३, ४. पिढी तिथे कळते. पहिला अंक फक्त वर्ष सांगतो.

डेस्कटॉप म्हणजे आपोआप पूर्ण ताकद, असंही नाही. १३७०० सोबत येणारा पंखा ६५ वॅटला ठीक, २१९ ला नाही. १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कुलर लावाच. स्वस्तातल्या काही एच६१० चिपसेटच्या मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज देणाऱ्या मॉसफेटवर हीटसिंकच नसतो. लांब रेंडरमध्ये, म्हणजे व्हिडिओ किंवा ३डी चित्र तयार होत असताना, ते तापतात आणि बोर्ड स्वतःच वेग पाडतो, प्रोसेसर ७० अंशांवर असला तरी. बी६६० किंवा बी७६० घ्या, हीटसिंक असलेलाच. ऑफिसात ठेवतात त्या छोट्या ब्रँडेड पेटीत १३७०० बहुधा ६५ वॅटवरच बांधलेला असतो. तिथे चांगल्या कुलिंगचा १३७००एच त्याच्या अगदी जवळ येतो, मग जास्तीचे पैसे कशासाठी?

वीज जाणाऱ्या गावात आणखी एक हिशेब करावा लागतो. ६०० व्हीए चा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप रेंडर करत असताना वीज गेली तर यूपीएस तिथल्या तिथे ट्रिप होऊ शकतो. लॅपटॉपची बॅटरी काम वाचवते, मात्र बॅटरीवर वॅट पडतात आणि वेग उतरतो. आणि १३७००एच चा लॅपटॉप ६५ वॅटच्या टाइप-सी चार्जरवर चालवून चाचणी घेऊ नका, तो आकडा खोटा येईल.

आमचं मत: दिवसातून दोन तासांहून जास्त रेंडर, एन्कोड किंवा मोठं कंपाइल असेल तर १३७०० आणि टॉवर कुलर. काम तुकड्यातुकड्यांत असेल, फोटो, कोडिंग, छोटे व्हिडिओ, तर चाचणीत ६० वॅट टिकवणारा १३७००एच पुरेसा आहे. रॅम मात्र दोन चॅनेलमध्ये असू द्या, एकाच कांडीवर अंगभूत ग्राफिक्स मंदावतं.

१३७०० जुना घेत असाल तर बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) आधी बघा. १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या) दिले. ते पुढचं नुकसान थांबवतात, झालेलं भरून काढत नाहीत. म्हणून विकणाऱ्यासमोरच एक मोठी झिप फाइल दोन-चारदा उघडून बघा. सीआरसी एरर (फाइल खराब असल्याचा संदेश) आली किंवा गेम सुरू होताना ग्राफिक्स मेमरी कमी असल्याचा खोटा संदेश आला, तर तो प्रोसेसर कितीही स्वस्त असला तरी परत द्या.