काळ्या लाद्या, खारी हवा आणि आमचा रोबोट व्हॅक्यूम

मालवणच्या बाजूला आमचं चिऱ्याचं घर, समुद्र चालत जाण्याइतका जवळ. तिथे अख्खा पावसाळा आणि पुढचा उन्हाळा हा रोबोट चालवून झाल्यावर लिहितोय. केर नीट काढतो, बॅटरीची तक्रार नाही. डोकं खातात ते सेन्सर. मात्र त्यातले बहुतेक बिघाड सेन्सरचे नसतातच, घराचे नाहीतर हवेचे असतात.

माजघरात जुन्या काळ्या-पांढऱ्या लाद्या आहेत. पांढरीवरून झोकात येणार, काळीच्या कडेला थबकणार आणि मागे सरकणार. वर ॲप सांगतं, 'क्लिफ सेन्सर पुसा'. शेजारच्या काकी बघून म्हणाल्या, "ह्यो काळ्या लाद्यांक भियाता की काय?" अगदी तसंच आहे. क्लिफ सेन्सर म्हणजे पोटाखालचे, कडा ओळखणारे सेन्सर. ते इन्फ्रारेड प्रकाश जमिनीवर सोडतात आणि किती परत येतो ते बघतात. कमी आला की पुढे पायरी आहे असं धरतात. काळा रंग तो प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे कितीही पुसा, फरक शून्य. ठरावीक जागीच अडत असेल तर दोष लादीचा. सगळीकडे अडत असेल तर काचेवर धूळ, मऊ कोरडं फडकं पुरतं. सेन्सरवर पांढरा कागद चिकटवण्याचा सल्ला बरेच जण देतात. ओटीवरून यंत्र थेट खळ्यात उतरवायचं असेल तर जरूर चिकटवा! मी काळ्या लाद्यांचा भाग ॲपमध्ये 'नो-गो' (इथे जाऊ नको) केलाय, तिथे केरसुणी.

उन्हाळ्यात गोल गोल फिरून मागे जायला लागला, तो प्रकार वाळूचा. पुढच्या बंपरच्या फटीत कण अडकले की तो दाबलेलाच राहतो आणि यंत्राला वाटतं, भिंत आहे. बोटाने डावीकडे, उजवीकडे दाबून बघा, टक् करून परत यायला हवा. कॅमेरा साफ करायच्या रबरी फुग्याने हवा मारली की कण निघतात.

पावसाळ्यात चार्जिंगला लागेना. सर्व्हिसवाले म्हणाले, डॉक (चार्जिंगचा स्टँड) बदला. खाऱ्या दमट हवेने डॉकच्या आणि यंत्राच्या धातूच्या पट्ट्या काळवंडल्या होत्या. प्लग काढून खोडरबरने घासल्या, सुरू.

वरच्या लायडारचा, म्हणजे लेझरने खोलीचा नकाशा काढणाऱ्या सेन्सरचा, त्रास वेगळाच. कपाटाचा आरसा जमिनीपर्यंत आहे. लेझर त्यावरून परतला आणि नकाशात कपाटामागे, जिथे आमची विहीर आहे, तिथे एक जादा खोली उगवली. आरशाच्या तळाला, लायडारच्या उंचीवर, कागदी टेपची पट्टी लावल्यावर ती खोली गेली. संध्याकाळचं तिरपं ऊन पश्चिमेच्या दारातून आत आलं तरी गोंधळतो, म्हणून सकाळीच चालवतो.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर घ्या. उंबरठ्यांच्या घरात दर खोलीला उचलून ठेवावा लागतो, साधारण 2 सेंटीमीटरच्या वर हा चढत नाही. तेवढी हौस नसेल तर पैसे ठेवा खिशात.