एक बॉडी, तीन लेन्स: स्लिंग घ्यावी, खांद्याची बॅग की सॅक?

लहान कॅमेरा बॅग घेताना बहुतेक जण सामान मोजतात. एक बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा), तीन लेन्स, म्हणजे इतके कप्पे हवेत. माझी पहिली बॅग मी याच हिशोबाने घेतली होती. सगळं नेमकं बसलं, चेनही सहज लागली. अडचण कळली ती पहिल्यांदा लेन्स बदलताना. छोटी 35 एमएम लेन्स कप्प्यातून काढून कॅमेऱ्याला लावली आणि हातात उरलेली मोठी 24-70 एमएम झूम लेन्स त्या रिकाम्या कप्प्यात शिरेना.

त्यामुळे बॅगांकडे वळण्याआधी आकडे बघा. सोनी ए7 फोर ही बॉडी घेऊ. तिच्यासोबत 24-70 एफ/2.8 जीएम टू, 70-200 एफ/4 जी टू आणि 35 एफ/1.8 या तीन लेन्स. 24-70 चा व्यास 87.8 मिलिमीटर, 70-200 चा 82.2 आणि 35 चा फक्त 65.6. लांबी अनुक्रमे सुमारे 120, 149 आणि 73 मिलिमीटर. घरी बॅग भरताना 35 साठी छोटासा कप्पा करायचा मोह होतो. पण ती लेन्स कॅमेऱ्यावर गेली की तिच्या जागी मोठ्या लेन्सलाच जायचं असतं. म्हणजे कप्पा नेहमी सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा हवा. आणि एक कप्पा मोकळा असेल तर फारच उत्तम: काढलेली लेन्स आधी तिथे ठेवायची, मग दुसरी उचलायची. नाहीतर एका हातात उघडी बॉडी, दुसऱ्या हातात दोन लेन्स, आणि टोपणं दातात धरायची वेळ येते.

बॉडीच्या कप्प्याचंही तसंच. 24-70 लावलेला कॅमेरा सुमारे 18 सेंटीमीटर लांब होतो, 70-200 लावली की 21 च्या आसपास. लेन्स खाली, ग्रिप (कॅमेरा धरायची मूठ) वर अशी उभी ठेवण हातासाठी सगळ्यात सोयीची, कारण हात आत घातला की थेट ग्रिपच हाती लागते. पण त्यासाठी बॅगेला आतून तेवढी उंची हवी आणि जाडी किमान 10 सेंटीमीटर हवी. लेबलवरचे लिटर इथे कामाचे नाहीत. 6 लिटरची एक बॅग लांबट आणि चपटी असू शकते, दुसरी आखूड आणि खोल. आतल्या फोमच्या पडद्यांची जाडी वेगळीच, चार पडदे लावले की बरीच जागा त्यातच जाते. आतली लांबी, उंची आणि जाडी सेंटीमीटरमध्ये दिलेली नसेल तर टेप घेऊन स्वतः मोजा.

आता याच्या शेजारी फुजीफिल्म एक्स-टी5 ठेवा. सोबत 16 एफ/2.8, 23 एफ/2 आणि 50 एफ/2. तिन्ही लेन्सचा व्यास 60 मिलिमीटर! कुठलीही लेन्स कुठल्याही कप्प्यात जाते. बॉडी धरून सगळ्याचं वजन 1092 ग्रॅम. वरचा सोनीचा संच 2427 ग्रॅम. दोन्ही संच 'एक बॉडी, तीन लेन्स' असेच आहेत, पण त्यांना एकच बॅग सुचवणं चुकीचं ठरेल.

फुजीसारख्या संचाला मी डोळे मिटून स्लिंग सांगेन. पट्टा छातीवरून तिरपा, बॅग पाठीवर, हवी तेव्हा फिरवून पोटावर घ्यायची; तिथे तिचं छोटं टेबलच होतं. उभ्याउभ्या लेन्स बदलायला याहून सोयीचं काही नाही. गर्दीत बॅग समोरच ठेवता येते. पीक डिझाइनच्या एव्हरीडे स्लिंगमध्ये दुमडणारे पडदे असतात, त्यांची घडी घालून आडवी फळी करता येते आणि दोन बुटक्या लेन्स एकावर एक बसतात. लहान प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या लेन्स, वापरणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

सोनीच्या संचाला मात्र स्लिंग मला पटत नाही. अडीच किलो आणि वर बॅगेचं स्वतःचं वजन, हे सगळं एकाच खांद्यावर येतं. पहिला तास काही वाटत नाही, तिसऱ्या तासाला मान दुखायला लागते. शिवाय स्लिंग फिरवताना एक धोका असतो, तो मी भोगला आहे. लेन्स बदलून झाली, समोर काहीतरी घडत होतं, घाईत चेन न लावता बॅग पाठीमागे सरकवली. 50 एमएम दगडी पायरीवर पडली. काच वाचली, पण फिल्टर लावायची कड चेपली आणि त्या लेन्सवर पुन्हा कधी फिल्टर बसला नाही. म्हणून स्लिंग घेताना झाकण कुठल्या बाजूने उघडतं ते बघा. ते अंगापासून दूर, बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर चेन उघडी राहिली तरी सामान लगेच बाहेर येत नाही. माझ्या त्या बॅगेचं झाकण अंगाकडे उघडायचं.

खांद्याची बॅग ही या सगळ्यांत जुनी, आणि मला अजूनही सर्वांत आवडणारी. तिच्यात दोन अगदी वेगळ्या विचारांच्या बॅगा मिळतात. डोमके एफ-2 ही फिलाडेल्फिया इन्क्वायरर या अमेरिकी दैनिकाचे वृत्तछायाचित्रकार जिम डोमके यांनी 1970च्या दशकात स्वतःच्या कामासाठी बनवली. मऊ कॅनव्हास, आत चार कप्प्यांचा इन्सर्ट (सुटा, काढता येणारा साचा), फोम अगदी कमी. ती अंगाला चिकटून राहते, चालताना मांडीवर आपटत नाही, आणि झाकण मागे टाकलं की सगळ्या लेन्स एका नजरेत दिसतात. दिवसभर सतत लेन्स बदलणाऱ्याला तिच्याइतकी सवयीची होणारी बॅग मी पाहिलेली नाही. पण ती गाडीच्या सीटवरून खाली पडली तर आतल्या सामानाची काळजी वाटते.

दुसरीकडे बिलिंगहॅम. इंग्लंडची ही कंपनी 1973 मध्ये सुरू झाली ती मासेमारीच्या बॅगा बनवण्यासाठी. तिच्या कापडाच्या दोन थरांमध्ये ब्यूटाइल रबराचा थर असतो, म्हणून पावसात वेगळं कव्हर शोधावं लागत नाही. आतला फोमही भरपूर. पण याच कारणाने बॅग ताठ राहते, आणि चामड्याच्या पट्ट्यांनी झाकण बंद करायला डोमकेपेक्षा वेळ लागतो. पाऊस आणि आदळआपट जास्त असेल तर बिलिंगहॅम, हाताचा वेग महत्त्वाचा असेल तर डोमके. सभागृहात किंवा एखाद्या शांत समारंभात फोटो काढत असाल तर आणखी एक गोष्ट बघा: वेल्क्रोचा आवाज. थिंक टँक कंपनीच्या रेट्रोस्पेक्टिव्ह बॅगेत वेल्क्रो झाकून टाकायची सोय असते. गाणं रंगात आलेलं असताना वेल्क्रोची ती चर्र ज्याने ऐकली आहे त्याला हिची किंमत कळेल.

खांद्याच्या बॅगेतही वजन एकाच बाजूला येतं, हे खरं. पट्टा तिरपा घालून, तासातासाने खांदा बदलून सोनीचा संच मी अर्धा दिवस नेतो. त्याहून जास्त चालायचं असेल तर सॅकच.

सॅकमध्ये दोन्ही खांद्यांवर वजन वाटलं जातं, आणि 70-200 उभी ठेवायलाही खोली मिळते. तिचा तोटा उघड आहे: लेन्स हवी असली की सॅक उतरवायची. बाजूने उघडणारी खिडकी असलेल्या सॅकमधून कॅमेरा पटकन निघतो, पण दुसऱ्या लेन्सपर्यंत हात पोचत नाही. पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक मला जास्त आवडते. ती समोरच्या बाजूवर आडवी ठेवली की चिखल तिकडेच लागतो, पाठीचा भाग कोरडा राहतो, आणि अंगावर असताना मागून कुणाला उघडता येत नाही. डोंगर चढून एका जागी थांबून फोटो काढणाऱ्याने सॅकच घ्यावी. रस्त्यावर चालताचालता फोटो काढणाऱ्याने घेऊ नये, कारण उतरवायचा कंटाळा येऊन लेन्स बदललीच जात नाही.

चौथा मार्ग म्हणजे नेहमीच्या बॅगेत ठेवायचा फोमचा इन्सर्ट. महिन्यातून एकदा कॅमेरा नेणाऱ्याला तो पुरतो, आणि बाहेरून कॅमेऱ्याची बॅग वाटत नाही हा मोठा फायदा. फक्त इन्सर्ट आत हलणार नाही इतका घट्ट बसला पाहिजे.

पावसाबद्दल एक सांगतो. पाणी अडवणारी चेन असली तरी शिलाईतून पाणी झिरपतं, म्हणून बिलिंगहॅमसारखं कापड नसेल तर कव्हर जवळ ठेवाच. आणि भिजलेल्या बॅगेत लेन्स तशाच ठेवून झोपू नका. फोम ओलावा धरून ठेवतो, आत अंधार असतो, बुरशीला हेच हवं असतं. विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्यांसाठी एक वेगळा खिसा हवा, कारण त्या चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत, सोबतच न्याव्या लागतात.

बॅग घरी आली की लेबल काढू नका. सगळं सामान भरा, पट्टा अंगावर घ्या आणि उभ्याउभ्या तिन्ही लेन्स आळीपाळीने लावून बघा, काढलेली प्रत्येक लेन्स रिकाम्या झालेल्या कप्प्यात ठेवत. हे पलंगाजवळ करा, म्हणजे काही निसटलं तर गादीवर पडेल. मग कॅमेऱ्यावर सर्वांत लांब लेन्स असताना चेन लागते का बघा. शेवटी बुटाची नाडी बांधायला खाली वाका. बॅग पुढे घसरून नाकासमोर आली, तर परत करा.