फेनवे पार्कची टूर आणि हळदीचं बेणं

बॉस्टनला पाहुणे आले की मी त्यांना फेनवे पार्कला, म्हणजे इथल्या रेड सॉक्स ह्या बेसबॉल संघाच्या मैदानावर नेते, मॅच असो वा नसो. दिवसा तासाभराची टूर असते. गेल्या उन्हाळ्यात सांगलीचे मामा आले तेव्हा माझी सातवी खेप झाली. पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा कापलाय तो खुर्च्यांसाठी, त्याबद्दल शेवटी.

मामांचा जन्म हळदीच्या अडतीत गेला. बेसबॉल म्हणजे त्यांच्या लेखी क्रिकेटचं बिघडलेलं पोर. पण सौदा म्हटला की कान टवकारतात, म्हणून रेड सॉक्सचा इतिहास मी त्यांना खेळाडूंच्या अदलाबदलीतूनच सांगायचा ठरवला.

ग्रँडस्टँडमधल्या निळ्या लाकडी खुर्च्यांवर टेकलो आणि सुरुवात केली बेब रुथ ह्या गाजलेल्या खेळाडूपासून. डिसेंबर १९१९. मालक हॅरी फ्रेझीने त्याला न्यूयॉर्क यांकीजना १ लाख डॉलरला विकलं. बदल्यात खेळाडू एकही नाही, नुसते पैसे, तेही २५-२५ हजारांच्या चार हप्त्यांत. वर यांकीजचा मालक, बिअरवाला जेकब रुपर्ट, ह्याच्याकडून ३ लाखांचं कर्ज, आणि त्यासाठी हे मैदानच गहाण.

मामा ताडकन उठले. "ही जागा? समोरच्या पार्टीकडं गहाण?"

"हीच. १९१८ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं अजिंक्यपद जिंकले होते, त्यानंतर थेट २००४ला."

"मग बरोबर आहे," म्हणून खाली बसले.

पुढे ग्रीन मॉन्स्टरवर, म्हणजे त्या ३७ फुटी हिरव्या भिंतीवर नेतात. वारा भणाणता असतो, टोपी हातात धरा. तिथून समोर, मैदानाच्या उजव्या अंगाला, निवृत्त केलेले, म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या मानासाठी पुन्हा कुणाला न देण्याचे नंबर दिसतात. त्यातला ४ नंबर जो क्रोनिन ह्या खेळाडूचा. वॉशिंग्टनच्या संघाचा मालक क्लार्क ग्रिफिथ, आणि क्रोनिन त्याचा भाचेजावई. १९३४च्या सप्टेंबरात लग्न झालं आणि ऑक्टोबरात ग्रिफिथने जावयाला बॉस्टनला विकून टाकलं. २ लाख २५ हजार डॉलर आणि वर एक खेळाडू. मामांनी विचारलं, ह्या पोरांना कुणी विचारतं का? आज नियम असा, की लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात काढली असतील, तर खेळाडू नकार देऊ शकतो. बाकीच्यांनी करारातच लिहून घेतलं असेल तर ठीक, नाहीतर बॅग भरायची.

मला स्वतःला सगळ्यात घोळवून सांगायला आवडतो तो १९९०चा सौदा. ऑगस्ट संपत आलेला, संघ गटात पुढे, आणि शेवटच्या डावांत भरवशाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा हवा होता. ह्यूस्टनकडून ३७ वर्षांचा लॅरी अँडरसन आणला. लोक त्याला हसतात ते चूक आहे. तो २२ डाव टाकून गेला आणि नऊ डावांमागे त्याने दीड धावही दिली नाही. गट जिंकला. मग ओकलंडने चार सामन्यांत सरळ चार वेळा हरवलं, आणि मोसम संपल्यावर अँडरसन दुसरीकडे गेला. त्याच्या बदल्यात दिलेला पोरगा होता जेफ बॅगवेल. तिसऱ्या बेसवर खेळायचा, तिथे मुख्य संघात वेड बॉग्ज ठाण मांडून बसलेला, म्हणून द्यायला सोपा वाटला. ह्यूस्टनने त्याला पहिल्या बेसवर उभं केलं. १५ मोसम, ४४९ होमरन (आपल्या षटकारासारखे), १९९४चा एमव्हीपी म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, २०१७ला हॉल ऑफ फेम ह्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत.

मामा म्हणाले, "माल चोख होता. पण बेणं विकून घेतला."

सातव्या खेपेला मला ह्या सौद्यासाठी नेमका शब्द मिळाला. मग १९९७चा उलटा सौदा समजवायला दोन वाक्यं पुरली. हीथक्लिफ स्लोकम नावाचा मार खाणारा पिचर सिअॅटलला दिला आणि डेरेक लो व जेसन व्हॅरिटेक आणले, दोघंही नवखे. २००४च्या अजिंक्यपदापर्यंतच्या तिन्ही मालिकांचा निर्णायक सामना लोच्या नावावर आहे आणि स्टंपामागच्या, म्हणजे कॅचरच्या जागी होता व्हॅरिटेक.

२००४च्या ३१ जुलैला तर शहराचा लाडका नोमार गार्सियापारा शिकागोला गेला. त्याच दिवशी, कुणाचं फारसं लक्ष नसताना, डेव्ह रॉबर्ट्स आला. त्याच्या बदल्यात गेलेला हेन्री स्टॅनली मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. ऑक्टोबरात यांकीज मालिकेत ३-० पुढे, चौथ्या सामन्यात नवव्या डावात ४-३ पुढे, पिचर मारियानो रिव्हेरा. पहिल्या बेसवर उभा रॉबर्ट्स चेंडू टाकतानाच दुसऱ्या बेसकडे चोरून पळणार हे चिल्ल्यापिल्ल्यांनाही ठाऊक होतं. रिव्हेराने त्याला रोखायला तीनदा पहिल्या बेसवर चेंडू फेकला. तरी पळाला आणि पोचला. बरोबरी झाली, बाराव्या डावात आमच्या ऑर्टिझचा होमरन, आणि पुढचे तिन्ही सामने जिंकून मालिकाच फिरवली. ती जागा मी मामांना बोटाने दाखवली. नुसती लाल माती आहे, पण दाखवावी लागते.

आता तोच रॉबर्ट्स लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा मॅनेजर आहे, आणि त्याच्याकडे आहे मूकी बेट्स. २०१८चा आमचा एमव्हीपी. फेब्रुवारी २०२०मध्ये डेव्हिड प्राइससकट देऊन टाकला आणि व्हर्दुगो, डाउन्स, वाँग घेतले. डॉजर्स त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले, पुढे २०२४ला आणि २०२५लाही. बेट्सच्या ५० नंबरचा टी-शर्ट माझ्या कपाटात अजून घडीचा आहे. ह्यावर मामांशी जास्त बोलले नाही.

खुर्च्यांचं राहिलं. लाकडी खुर्च्या १९३४च्या मापाच्या, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात. मॅचला येणार असाल तर तिकीट काढताना खांबामागची जागा नाही ना, हे आधी बघा. ग्रीन लाइन मेट्रोने केनमोर स्टेशनला उतरा, गाडी आणू नका.

परतताना केनमोरच्या फलाटावर मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या बिअरवाल्याच्या हप्त्यांवर व्याज काय होतं गं?"

"सहा टक्के."

"महिन्याला की वर्षाला?"