एफडी आरएक्स-७ : रोटरी परत बांधायची की एलएस१ टाकायचं?

हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, कारण माझ्याकडे ९३ची एफडी (माझदाच्या आरएक्स-७ची तिसरी पिढी) आहे ओरिजिनल रोटरीवाली (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात ते इंजिन) आणि इथेच राहणाऱ्या मित्राकडे तीच गाडी एलएस१ (जनरल मोटर्सचं व्ही-८ इंजिन) टाकलेली, दोन्ही मी भरपूर चालवल्यात. तर एकदाच लिहून टाकतो.

आधी हे सांग, तुझं इंजिन खरंच गेलंय का? निम्मे लोक इथेच फसतात. पिकअप गेला, बूस्ट (टर्बोने आत दाबलेल्या हवेचा दाब) नीट येत नाही, की लगेच 'रोटरी बसली' म्हणून मोकळे. एफडीला दोन टर्बो, पहिला खालच्या आरपीएमपासून, दुसरा साधारण ४५००ला जोडला जातो, आणि हा खेळ चालवायला इनटेकखाली व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नि सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हचा) जो गुंता आहे तो बघूनच घाम फुटतो. तीस वर्षं उष्णता खाऊन त्या नळ्या कडकडीत होतात, एक जरी तडकली तरी दुसरा टर्बो रुसतो, इंजिनाचा दोष काहीच नसतो. म्हणून आधी कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिन आत हवा किती दाबतं ते मोजणं), आणि तीही रोटरीच्या टेस्टरनेच, साध्या गेजवर एका रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा दिसतो आणि मेलेली बाजू लपून राहते.

आता रोटरी. ६५४ सीसीचे दोन रोटर, म्हणजे जेमतेम १३०८ सीसी, त्यातून अमेरिकेत विकलेल्या एफडीला २५५ हॉर्सपॉवर. इंजिन एवढंसं की पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे बसतं, त्यामुळे गाडी वळणात जशी वळते ना, ते लिहून सांगता येत नाही. ८००० पर्यंत सुई जाते आणि कुठे थरथर नाही. पण लाड पुरवावे लागतात. तेल पिते, तो बिघाड नाही, रोटरचे सील ओले ठेवायला पंपच तेल आत सोडतो, तेव्हा पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची सवय लाव. थंड इंजिन दोन मिनिटांसाठी चालू करून बंद केलं की फ्लड होणार, म्हणजे आत पेट्रोल साचून परत सुरूच होत नाही. एकदा प्रमाणाबाहेर तापली की पाण्याचे सील जातात. आणि एक्झॉस्ट मोकळा करून ट्यूनिंग तसंच ठेवलं तर बूस्ट हाताबाहेर जातो, डेटोनेशन होतं (पेट्रोल अवेळी स्फोटासारखं पेटतं), एपेक्स सील (रोटरच्या टोकावरचं) तुटतं आणि तुकडा हाउसिंगवर (रोटर ज्यात फिरतो त्या कवचावर) चरे पाडत थेट टर्बोत. माझं पहिलं इंजिन असंच गेलं, चूक माझीच, सायलेन्सरची हौस आधी आणि इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) 'पुढच्या महिन्यात' :)

एलएस१ म्हणजे ५.७ लिटरचा व्ही-८, ९७च्या कॉर्व्हेटमध्ये आला तेव्हा ३४५ हॉर्सपॉवर. खरा फरक टॉर्कचा, एफडीचा २९४ न्यूटन मीटर आणि याचा साधारण ४७५, तोही टर्बोची वाट न बघता. तिसऱ्या गिअरमध्ये मुंगीसारखं चालवा, पाय दाबला की निघाली. पार्ट कुठल्याही दुकानात, मेकॅनिक कुठेही. 'व्ही-८ टाकला की नाक जड होतं' हे लोक ऐकीव बोलतात, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि टर्बो, इंटरकूलर, त्यांचे पाइप सगळं निघून जातं, फरक फार उरत नाही. मात्र स्वस्त मिळतंय म्हणून ट्रकचं लोखंडी ब्लॉकवालं इंजिन घेतलंस तर वजन खरंच वाढेल.

पण खर्च इंजिनाचा नसतोच. पुढचा सबफ्रेम, ऑइल पॅन, रेडिएटर, प्रोपेलर शाफ्ट, वायरिंग, एसीच्या लाइनी, मीटरना सिग्नल. त्यात एफडीत गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलला जोडणारी एक लांब फ्रेम असते, एलएस१सोबतचा टी५६ गिअरबॉक्स बसवला की ती निघते, मग डिफला नवा आधार लागतो, आणि मूळ डिफ एवढा टॉर्क किती दिवस सोसेल हा वेगळाच प्रश्न. मित्राने 'दिवाळीपर्यंत होईल' म्हणून सुरू केलं, गाडी रस्त्यावर आली त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर.

कॅलिफोर्नियात असशील तर अजून एक भानगड. इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, कॅटॅलिस्टसकट त्याची सगळी एमिशनची सामग्री बसवायची आणि रेफरीकडून (तिथल्या सरकारी तपासनिसाकडून) पास करून घ्यायचं. आधी हे बघ, मग इंजिन घे.

माझं मत विचारशील तर, हाउसिंग चांगली असतील तर रोटरीच बांध. हाउसिंग गेली असतील किंवा बिनइंजिनाची बॉडी स्वस्तात मिळत असेल, आणि रोज ऑफिसला न्यायची असेल, तर एलएस, लाजायचं कारण नाही. मित्राची गाडी माझ्यापेक्षा वेगवान आहे, बिनधास्त लांब जाते. मी मात्र परत येताना माझीच चालवतो, ७००० च्या वरचा तो आवाज व्ही-८ मध्ये नाही म्हणजे नाही.

कोणीतरी अर्धवट सोडलेला स्वॅप (इंजिन बदलायला घेतलेली गाडी) विकत घ्यायच्या विचारात असशील तर वायरिंगचे फोटो माग, 'थोडंसंच काम बाकी आहे' यावर जाऊ नकोस. आणि कॉम्प्रेशनचे सहाही आकडे (दोन रोटर, प्रत्येकी तीन बाजू) आले की मला पाठव, किती आरपीएमला घेतलेत तेही लिही.