घरच्या गॅरेजमधला वर्कबेंच: नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

मागच्या जानेवारीत गॅरेजमध्ये सहा फुटी वर्कबेंच उभा केला. आता दिवाळी होऊन गेली. म्हणजे एप्रिल-मेचा कोरडा भडका, नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) आणि जुलै-ऑगस्टची ओल, सगळं त्याने सोसलं आहे. स्टुलं, पुस्तकांची मांडणी, सासूबाईंच्या जुन्या पाटांची डागडुजी, तान्ह्या पोळ्याचा (विदर्भातल्या मुलांच्या पोळ्याचा) लाकडी बैल, बरंच काही त्यावर झालं. पहिल्या आठवड्यात कुठलाही नवा बेंच छानच वाटतो, म्हणून तिन्ही ऋतू होईपर्यंत थांबून आत्ता लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. नागपूरच्या काळ्या मातीवरच्या घरात बेंच जड असावा आणि स्वतःच्या पायांवर उभा असावा. भिंतीला ठोकू नये. उंची, शिकंजा (लाकूड आवळून धरणारा व्हाइस), दिवे, कप्पे हे सगळं त्यानंतर.

भिंतीला का नको, ते नीट सांगते, कारण जो तो आधी हेच सुचवतो: चार फिशर (भिंतीतल्या स्क्रूच्या प्लास्टिक खुंट्या) मारा, अँगल लावा, विषय संपला. कोरड्या मुरमाड जमिनीवर ते चालेलही. आमच्या भागात काळी माती आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भिंती खोल पायावर उभ्या असतात, त्या फारशा हलत नाहीत. पण गॅरेजची फरशी नुसत्या भरावावर टाकलेली असते, ती मातीबरोबर वरखाली होते. आमच्या फरशीतली एक भेग मे महिन्यात पोस्टकार्ड उभं जाईल इतकी उघडते आणि ऑगस्टमध्ये मिटते. अशा जागी बेंचची मागची बाजू भिंतीला जखडली तर पावसाळ्यात पुढचे पाय त्याला वर रेटतात, उन्हाळ्यात तेच पाय अधांतरी लटकतात. दोन्ही वेळा फिशर सैल होणार.

त्यावर उपाय साधा आहे. प्रत्येक पायाच्या तळाला नट वेल्ड करून घ्यायचा आणि त्यात जाड बोल्ट, डोकं खाली. पाना घेतला की पाय हवा तेवढा वरखाली होतो. जुलैच्या मध्यात पाणसळ ठेवली तेव्हा बुडबुडा शटरकडच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकलेला दिसला, म्हणजे तो कोपरा उचलला गेला होता. तिथला बोल्ट अर्धा फेरा आत घेतला, चेकनट आवळला, काम झालं. आता दर ऋतूच्या सुरुवातीला पाणसळ ठेवून बघते. गॅरेजच्या फरशीला शटरकडे उतार असतोच, त्यासाठीही हेच बोल्ट कामी येतात.

सांगाडा 50 बाय 50 मिलिमीटरच्या, 3 मिलिमीटर जाडीच्या चौकोनी लोखंडी पाइपचा आहे. पहिल्या वेल्डिंगवाल्याने दीड मिलिमीटरची पाइप पुरेशी आहे म्हणून आग्रह धरला होता. टेबलासाठी ती पुरेशी आहेच, पण बेंचला आडवा धक्का सोसायचा असतो. रंधा मारताना जोर खाली कमी आणि पुढे जास्त लागतो. 3 मिलिमीटरच्या या पाइपचं वजन मीटरला साधारण साडेचार किलो भरतं. चार पाय, वरची चौकट आणि खालची चौकट मिळून 57 किलोच्या आसपास गेली. वर प्लाय आणि शिकंजा धरून सगळा ऐवज शंभर किलोच्या घरात.

तेवढ्यानेही माझं समाधान झालं नाही. आमच्याकडे घरकामाला येणारे एक वयस्कर सुतारकाका आहेत, त्यांनी बेंचच्या कडेला मांडी टेकवून एक ढकल दिली आणि म्हणाले, "ताई, टेबलच हालत असन तं रंधा सरळ चालन कसा? याच्या पोटात रेती भरा." रेतीच भरली. घराच्या बांधकामातली कन्हान नदीची रेती अंगणात पडून होती. ती चाळली, उन्हात वाळवली, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत घट्ट शिवली आणि खालच्या चौकटीवर फळी टाकून आडवी मांडली. त्यानंतर बेंच तसूभर हललेला नाही. एवढ्या कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही. रेती ओली भरू नका, गोणीतून पाझरते आणि खालच्या पाइपला गंज चढतो.

आता वरच्या फळीबद्दल. लकडगंजात, म्हणजे इथल्या लाकूडबाजारात, गेलं की सागाचा मोह होतोच. नागपूर मध्य प्रांताची राजधानी असल्यापासून इथला साग 'सीपी टीक' म्हणून ओळखला जातो. आलापल्ली-बल्लारपूरकडच्या सागाची तर बातच वेगळी. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही साग नागपुरातून गेला. तरीही अख्खी फळी सागाची करू नका, असं मी म्हणेन. पैशांचा भाग सोडून द्या. ओल्या लाकडापासून पूर्ण वाळेपर्यंत साग वलयांच्या दिशेने साधारण 5.8 टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने 2.5 टक्के आकसतो. लाकडांमध्ये हा आकडा चांगला मानला जातो, सागाचा लौकिक आहे तो त्यामुळेही. पण मे महिन्यातली दुपारची हवा आणि ऑगस्टमधली हवा यांत इतका फरक असतो की दोन फूट रुंदीची सलग फळी काही मिलिमीटर तरी हलणारच. लोखंडी चौकटीला ती पक्की आवळली तर फाटते, सैल ठेवली तर खडखडते.

प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ही ओढाताण जागच्या जागी अडते. 19 मिलिमीटरचं, आयएस 710 (मरीन प्लाय) शिक्का असलेलं प्लाय घ्या. आठ बाय चार फुटांच्या एकाच तावातून सहा बाय दोनचे दोन तुकडे निघतात. ते एकावर एक चिकटवले की 38 मिलिमीटरची फळी तयार. उरलेला दोन बाय चारचा तुकडा मी मागच्या बाजूला, पायांच्या मध्ये बोल्टने आवळला. आडवा डोल थांबवायला असा तुकडा तिरप्या पट्टीपेक्षा चांगला. थोडक्यात, एक ताव आणि वाया काही नाही.

चिकटवायचं काम जानेवारीत भर दुपारी केलं, कारण रात्री पारा दहाच्या आसपास जातो आणि गार हवेत फेव्हिकॉल नीट धरत नाही. उन्हाळ्यात करणार असाल तर उलटं, पहाटे करा, नाहीतर डिंक पसरेपर्यंत एका टोकाला सुकलेला असतो. वजन म्हणून वीस लिटरचे पाण्याचे कॅन भरून ठेवले.

सागाची हौस कडेला भागवली. महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या पाडकामातला सरा, म्हणजे तुळई, मिळाला, त्याच्या दोन इंची पट्ट्या कापून समोरच्या कडेला लावल्या. जुना साग वर्षानुवर्षं मुरलेला असतो, आणि दोन इंची पट्टी हलून हलणार किती. त्यात खिळे मात्र दडलेले असतात. कापायला देण्याआधी चुंबक फिरवून खिळे काढून घ्या, नाहीतर आरागिरणीवाला हात लावत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. रंधा मारल्यावर त्या पट्टीतून जो वास आला, तो अजूनही शटर उघडलं की गॅरेजमध्ये रेंगाळत असतो.

फळीला वरून जवसाचं तेल दिलं आहे. विदर्भात जवसाची कमी नाही, पण चटणीच्या जवसातून निघणारं कच्चं तेल सुकायला आठवडे लावतं. रंगाच्या दुकानातलं 'बॉइल्ड' म्हणून मिळणारं तेल घ्या, त्यात सुकवणारी द्रव्यं घातलेली असतात. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा: तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना हवेतला प्राणवायू शोषतं आणि गरम होतं. बोळ्याच्या आत ती उष्णता कोंडते आणि ठिणगीशिवाय आग लागू शकते. मेमध्ये बंद शटरच्या आड भुसा पडलेला असताना तर हा धोका फारच मोठा. मी चिंध्या बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवते, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवते.

तेलाच्या फळीवर आधी 3 मिलिमीटरचा हार्डबोर्ड टाकला होता, खराब झाला की बदलता यावा म्हणून. जुलैत तो मधोमध फुगला, कुठेही हात ठेवला की टपटप वाजायचा. त्याजागी आता 6 मिलिमीटरचं प्लाय स्क्रूने बसवलं आहे आणि ते सपाट राहिलं. हार्डबोर्डच लावायचा असेल तर चारही बाजूंनी दोन-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जागा सोडा.

उंचीबद्दल बायकांसाठी आणि बुटक्या माणसांसाठी वेगळं लिहायला हवं, कारण तयार बेंच बहुतेक 34 ते 36 इंचांचे मिळतात. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तिथे रंध्याच्या कामाची उंची. माझी उंची पाच फूट दोन इंच, म्हणून बेंच 31 इंचांचा केला. स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा तो खाली आहे, आणि बघणारा प्रत्येकजण तेवढं बोलून दाखवतो. पण रंधा मारताना अंगाचं वजन खांद्यातून सरळ खाली उतरतं आणि संध्याकाळी पाठ कुरकुरत नाही. बारीक कोरीव कामाला ही उंची कमी पडते. त्यासाठी सहा इंच उंच चौरंगासारखा एक ठोकळा करून ठेवला आहे, तो वर ठेवायचा आणि क्लॅम्प लावायचा.

शिकंजा सहा इंची सुतारी आहे, डाव्या टोकाला समोरून बसवलेला, मागचा जबडा बेंचच्या कडेशी अगदी एका रेषेत. ही रेष चुकली तर लांब पाटी धरताना ती कडेपासून सुटून राहते. जबड्यांना बाभळीच्या फळ्या लावल्या. बाभूळ कठीण, बैलगाडीच्या चाकांना चालणारं लाकूड. इतक्या महिन्यांत त्यांवर नुसते ओरखडे आहेत. स्क्रूला ग्रीस लावू नका, भुसा बसून त्याचा लगदा होतो. ब्रशने झाडून मेण घासलं की पुरतं.

शिकंजाच्या ओळीत चार-चार इंचांवर 19 मिलिमीटरची भोकं पाडली आहेत, खुंट्या आणि होल्डफास्टसाठी (भोकात ठोकून लाकूड दाबून धरणारा लोखंडी आकडा). इथे 38 मिलिमीटर जाडी थोडी कमी पडते. जी भोकं रोज वापरात आहेत ती किंचित सैल झाली आहेत आणि होल्डफास्ट पहिल्यासारखा एका ठोक्यात धरत नाही. त्या भोकांखाली बाभळीचे ठोकळे चिकटवून जाडी वाढवायचं काम या हिवाळ्यात करायचं आहे. नव्याने करणाऱ्यांनी ठोकळे आधीच लावून मग भोकं पाडावीत.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो कूलरने. पारा 45 च्या पुढे गेला की पश्चिमेकडच्या गॅरेजमध्ये कूलरशिवाय उभं राहवत नाही. पण कूलर म्हणजे ओली हवा. कूलरच्या ओल्या गवती ताट्यांतून आलेला तो झोत थेट बेंचवर यायचा आणि कोरड्याठाक मे महिन्यात, सकाळी पाहते तर रंध्याच्या तळावर तांबूस ठिपके. पावसाळ्यात गंज येणार हे सगळ्यांनाच माहीत असतं, उन्हाळ्यातल्या या गंजाबद्दल कोणी बोलत नाही. कूलर आता शटरच्या बाहेर, तोंड माझ्या पायांकडे, बेंचकडे नाही. काम संपलं की पटाश्या आणि रंधे पुसून, मेण फिरवून झाकणाच्या पेटीत. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आहेत, त्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर गरम केल्या की पुन्हा कामाला येतात. तसंही मेमध्ये खरं काम पहाटे साडेपाच ते नऊ एवढंच होतं.

वाळवीचा त्रास अजून झालेला नाही. लाकूड कुठेच जमिनीला टेकत नाही आणि लोखंडी पायावर मातीची रेघ चढलीच तर लगेच दिसते. त्यासाठीच पायांना फिकट राखाडी रंग दिला, आत रेड ऑक्साइडचा हात आहेच.

विजेसाठी बेंचपुरती वेगळी लाइन ओढून घेतली: 16 अँपिअरचे सॉकेट, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच). ओल्या फरशीवर उभं राहून ड्रिल चालवायचं असेल तर शेवटच्या गोष्टीत काटकसर करू नका. ग्राइंडर मी या बेंचवर लावतच नाही. ठिणग्या आणि भुसा एका जागी नकोत. लोखंडाचं काम बाहेर अंगणात.

खर्च वेल्डिंगसकट सांगाड्याला सात हजारांच्या आसपास, प्लाय चार, शिकंजा चार, जुना साग दोन, वीज तीन, बाकी बोल्ट-स्क्रू-तेल-रंग. बावीस हजारांच्या आत सगळं बसलं. लोखंड किलोवर असतं, तेव्हा वजनकाट्याजवळ स्वतः उभं राहा.

ऑगस्टमध्ये भाच्याने तान्ह्या पोळ्याला चाकांचा बैल मागितला. त्याची चारही चाकं याच बेंचवर शिकंज्यात धरून कापली, आस बसवताना लाकूड एकदाही घसरलं नाही. आता ठोकळ्यांच्या कामानंतर उजव्या टोकाला खणांची पेटी करायची आहे. सरकते खण पावसाळ्यात अडकतात, म्हणून ते एक सूत ढिलेच ठेवणार आहे, आणि मोजमाप आत्ता नाही, पुढच्या ऑगस्टमध्ये घेणार आहे.